काळ्या प्लगची साक्ष

गेल्या दिवाळीत माहेरी कोल्हापूरला गेले होते. पाडव्याच्या सकाळी फराळ चालू असताना भाचा आला आणि ताटाशेजारी जुने वर्तमानपत्र पसरून त्यावर त्याने तीन स्पार्क प्लग मांडले. तिन्ही टोकाशी काळेकुट्ट. म्हणाला, "आत्या, तू सिरॅमिकवाली ना? मग सांग, यांना काय झालंय?"

माझे काम विद्युतरोधक सिरॅमिक्सवर चालते आणि प्लगचा पांढरा भाग ॲल्युमिनाचा, म्हणजे माझ्याच बिरादरीतला असतो. पण इंजिनाशी माझा संबंध गाडी चालवण्यापुरता. तरी या गाडीशी थोडा जास्त होता. ती माझ्या वडिलांची, 1997 सालची कार्ब्युरेटरवाली मारुती 800. मी चालवायला शिकले ती हिच्यावरच. वडील गेले, नोंदणीची मुदत संपली आणि गाडी परसात ताडपत्रीखाली उभी राहिली. भाच्याने ती मागून घेतली आणि ऑटोक्रॉससाठी, म्हणजे मोकळ्या मैदानावर आखलेल्या वळणावळणाच्या मार्गावरील शर्यतींसाठी, तयार करायला घेतली. (रस्त्यावर धावणाऱ्या गाडीत असे बदल करता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ आणखी स्पष्ट केला आहे. ही गाडी मैदानावर जाते ती पिकअपमध्ये चढवून.)

त्याने काय काय बदलले होते? हवेचा मूळ फिल्टर काढून उघडा फिल्टर बसवला. धूर लवकर बाहेर पडेल असा सायलेन्सर लावला. कार्ब्युरेटरचे मुख्य जेट मोठे घातले. 'मॉडिफाय केलेल्या इंजिनाला थंड प्लग लागतो' असे कुणीतरी सांगितले म्हणून दोन पायऱ्या थंड असलेले प्लग आणले. त्यांची फटही 0.8 मिलिमीटरवरून 1.1 केली. हे सगळे एकाच शनिवारी! आणि तेव्हापासून गाडी मिसिंग मारू लागली. रांगेत पाळी येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे इंजिन चालू ठेवून उभे राहायचे, आणि झेंडा पडला की ॲक्सिलरेटर दाबताच गाडी फडफडायची. नवे प्लग घातले की एक फेरी बरी जायची, मग पुन्हा तेच.

मिस्त्रींचा निकाल तयार होता. "ताई, रिंगा गेल्यात. तेल वर येतंय. इंजिन उतरवून बोअर करायलाच लागतंय." खर्चाचा आकडा भाच्याने दोन वर्षांत साठवलेल्या पैशांपेक्षा जास्त होता. माझ्या भावाने तर आधीच सांगून ठेवले होते की आता एक रुपयाही घालायचा नाही, गाडी भंगारात द्यायची.

मी प्लग हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "यातला कुठला प्लग कुठल्या सिलिंडरचा?"

भाचा म्हणाला, "ते... लक्षात नाही."

तिघांपैकी एकाचा काळेपणा किंचित तुकतुकीत होता, हे मला दिसत होते. पण तो कुठल्या घरातला हे कळायला मार्ग नव्हता. अर्धा पुरावा खिशातून आणतानाच हरवला होता.

कंदिलाची काच

प्लगवर काळे येते म्हणजे काय? ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना हे सांगायला नको. वात जास्त वर केली की ज्योत मोठी होते, पिवळी होते आणि काच काळी पडते. रॉकेल जास्त आणि हवा कमी, म्हणून कार्बनचा काही भाग न जळता काजळी होऊन बाहेर पडतो. काजळ धरताना आपण मुद्दाम हेच करतो. निरांजनावर थंड ताटली धरली की ज्योत निवते आणि काजळी ताटलीवर बसते. म्हणजे काजळी साठायला दोन गोष्टी लागतात: इंधनाच्या मानाने कमी हवा, आणि ती जळून जाणार नाही असा थंड पृष्ठभाग. या दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा, त्यांची गरज लागणार आहे.

हवा किती लागते ते वर्गात सहज काढता येईल. पेट्रोलऐवजी आयसो-ऑक्टेन धरू. त्याच्या दोन रेणूंना पूर्ण जळायला ऑक्सिजनचे 25 रेणू लागतात, म्हणजे 228 ग्रॅम इंधनाला 800 ग्रॅम ऑक्सिजन. हवेत वजनाने सुमारे 23 टक्के ऑक्सिजन असतो. म्हणजे एक ग्रॅम इंधनाला 15 ग्रॅमहून थोडी जास्त हवा लागते. खरे पेट्रोल हे अनेक हायड्रोकार्बनांचे मिश्रण असल्याने त्याच्यासाठी हा आकडा साधारण 14.7 धरतात. हवा याहून कमी असेल तर मिश्रण 'रिच' आणि जास्त असेल तर 'लीन', असे गॅरेजच्या भाषेत म्हणतात.

रिच मिश्रणाने प्लग काळा होतो, इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असते. पण काळा झाला म्हणून बिघडले कुठे? ठिणगी का पडू नये?

माझी चूक

मिस्त्रींनी माझ्यासमोर एक काळा प्लग वायरला जोडला, त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवला आणि स्टार्टर मारायला सांगितला. टिक टिक करत निळी ठिणगी पडू लागली. "बघा ताई, प्लग चांगला आहे. दोष इंजिनातच आहे." मलाही ते पटले आणि मी तसे भाच्याला बोलूनही गेले. (हा प्रयोग विद्यार्थ्यांना करू देऊ नये. जवळ पेट्रोलची वाफ असते, आणि झटका हजारो व्होल्टचा बसतो.)

रात्री अंथरुणावर पडल्यावर चूक लक्षात आली, आणि ती माझ्या विषयातली असल्याने जास्त लागली. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीड्रिख पाशेन यांनी 1889 मध्ये दाखवले होते की दोन टोकांमध्ये ठिणगी पडायला लागणारे व्होल्टेज वायूचा दाब आणि फट यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. (तापमान बदलत असेल तर दाबाऐवजी घनता धरायची.) उघड्या हवेत 0.8 मिलिमीटरची फट साडेतीन-चार हजार व्होल्टला फुटते. पण इंजिनात ठिणगी पडते ती पिस्टनने मिश्रण दाबत आणल्यावर. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असताना तिथली घनता बाहेरच्या कित्येक पट असते, आणि मग दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. फट 1.1 मिलिमीटर केली तर त्याहूनही जास्त. तेव्हा बाहेर ठिणगी पडली याचा अर्थ एवढाच की चार-पाच हजार व्होल्ट तयार होत आहेत. पंधरा हजार होतात की नाही, याबद्दल हा प्रयोग काहीच सांगत नाही. रांगेत उभे असताना गाडी ठीक आणि ॲक्सिलरेटर दाबताच मिसिंग, याचेही उत्तर त्यातच होते. ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरते, घनता वाढते आणि ठिणगीची मागणीही वाढते.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या इलेक्ट्रिशियनकडून 500 व्होल्टचा मेगर मागून आणला. प्लगच्या मधल्या टोकापासून बाहेरच्या धातूपर्यंतचा रोध मोजला. नव्या प्लगला मेगरचा काटा अनंतावरून हलला नाही. काळ्या तिघांनी 0.6, 0.5 आणि 0.3 मेगओहम दाखवले. चांगल्या विद्युतरोधकावर काजळीने कार्बनची वाट तयार केली होती. (वर्गात हे दाखवायचे तर मऊ पेन्सिलीने कागदावर जाडसर रेघ ओढा आणि तिच्या दोन टोकांना मल्टीमीटर लावा. कोऱ्या कागदाला काहीच न दाखवणारा मीटर रेघेला रोध दाखवतो.)

0.3 मेगओहम म्हणजे तीन लाख ओहम. हा तर मोठाच रोध, मग नडते कुठे? इथे वेळेचा हिशेब करावा लागतो. कॉइल, वायर आणि प्लग मिळून सुमारे 100 पिकोफॅरडची धारकता होते, आणि कॉइलने तिला भरून पंधरा हजार व्होल्टपर्यंत न्यायचे असते. जुन्या पद्धतीच्या कॉइलला याला पन्नासएक मायक्रोसेकंद लागतात. रोध 10 मेगओहम असेल तर रोध आणि धारकता यांचा गुणाकार 1000 मायक्रोसेकंद येतो, म्हणजे भरायच्या वेळेच्या वीस पट. तेवढ्यात गळून गळून किती गळणार? पण 0.3 मेगओहमला हाच गुणाकार 30 मायक्रोसेकंद होतो. बादली भरायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात ती गळत असेल, तर नळ कितीही सोडा, पाणी काठापर्यंत चढत नाही. म्हणून 10 मेगओहमच्या खाली गेल्यावर कुरबुर सुरू होते आणि एकाच्या खाली मिसिंग बहुधा ठरलेलेच. कपॅसिटर डिस्चार्ज पद्धतीच्या इग्निशनमध्ये व्होल्टेज काही मायक्रोसेकंदांतच चढते, म्हणून ती काळ्या प्लगलाही दाद देत नाही. या मारुतीत ती नव्हती.

आता मिसिंगचे कारण कळले होते. पण काजळीचे कारण अजून कळायचे होते.

गरम प्लग, थंड प्लग

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. गरम प्लगची ठिणगी जास्त गरम असते असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. फरक आहे तो आतल्या सिरॅमिकच्या नाकाचा. नाक लांब असेल तर ज्वलनाची उष्णता धातूच्या कवचातून इंजिनाच्या हेडमध्ये उतरायला लांबचा रस्ता पडतो, आणि नाक तापलेले राहते. तो गरम प्लग. नाक आखूड असेल तर उष्णता लवकर निघून जाते. तो थंड.

हे नाक साधारण 500 अंश सेल्सिअसच्या वर राहिले तर त्यावर बसलेली काजळी जळून जाते, प्लग स्वतःच स्वतःला साफ करतो. पण ते 850-900 अंशांच्या पलीकडे गेले तर निखाऱ्यासारखे होऊन ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते, आणि त्याने पिस्टनला भोक पडू शकते. या दोन मर्यादांच्या मधला प्लग निवडणे ही इंजिन बनवणाऱ्यांची जबाबदारी. जोर वाढवलेले इंजिन पूर्ण वेगात सतत धावणार असेल तर थंड प्लग हवा, हे खरेच आहे. पण भाच्याची गाडी एक-दीड मिनिट धावते आणि वीस मिनिटे उभी राहते. उभ्या इंजिनात इतके थोडे पेट्रोल जळते की थंड प्लगचे नाक 500 अंशांच्या जवळपासही पोहोचत नाही. काजळ धरायची थंड ताटली ती हीच.

एवढ्यावरून थंड प्लगलाच दोषी ठरवण्याचा मोह झाला होता. पण त्याने एका शनिवारी पाच गोष्टी बदलल्या होत्या, आणि तिघांतला एक प्लग तुकतुकीत होता. त्याचा उलगडा यात होत नव्हता.

तीन सारखे आणि एक वेगळा

या इंजिनाला कार्ब्युरेटर एक, कॉइल एक, फिल्टर एक. यांतल्या कशातही दोष असेल तर तिन्ही प्लगांवर जवळजवळ सारखीच खूण उमटली पाहिजे. एकाच प्लगवर वेगळी खूण असेल, तर कारण त्या एका घरातच शोधायला हवे: त्याची वायर, त्याच्या रिंगा, त्याचे व्हॉल्व्ह. हा साधा विचार आहे, पण कामाला मात्र पानापेक्षा जास्त येतो. मिस्त्रींचे 'तेल वर येतंय' आणि भाच्याचे 'जेट मोठं झालंय' यांपैकी एकच खरे असले पाहिजे, असे आम्ही तिघेही धरून चाललो होतो. दोन्ही प्रकारचे दोष एकाच वेळी असू शकतात, हे मलाही उशिराच सुचले.

भाऊबीज उरकून आम्ही मैदानावर गेलो. त्याच थंड प्रकारचा नवा संच घेतला, फट 0.8 वर आणली आणि प्रत्येक प्लगच्या षटकोनावर रंगाने 1, 2, 3 आकडे टाकले. आधी जेटची परीक्षा. मुख्य जेट काम करते ते ॲक्सिलरेटर दाबलेला असताना. उभ्या इंजिनाला पेट्रोल वेगळ्याच बारीक वाटेने मिळते. म्हणून इंजिन दुसरीकडे गरम झाल्यावर नवे प्लग घातले, पूर्ण ॲक्सिलरेटरवर काही फेऱ्या मारल्या, आणि शेवटच्या सरळ पट्ट्यात भर वेगात क्लच दाबून त्याच क्षणी इग्निशन बंद केले. (किल्ली एक घर मागे घ्यायची, काढायची नाही, नाहीतर स्टिअरिंगला कुलूप लागते.) असे केल्याने प्लगवर शेवटची नोंद भर वेगातल्या ज्वलनाची राहते. नेहमीसारखे इंजिन मंद करून मग बंद केले असते, तर त्या मंद अर्ध्या मिनिटाने आधीचे सगळे पुसून टाकले असते.

प्लग काढले. तिन्हींची नाके जवळजवळ पांढरी, खोल बुडाशी फिकट राखाडी कडे. म्हणजे मोठे जेट निर्दोष होते. मोकळ्या फिल्टरने आणि सायलेन्सरने हवा जास्त येत होती, तिला पेट्रोलही जास्त लागत होते.

इथे मिस्त्रींनी शंका काढली की चांगला प्लग विटकरी रंगाचा असतो, हे पांढरे म्हणजे मिश्रण लीन झाले. त्यांच्या गॅरेजच्या भिंतीवर तसा तक्ताही आहे. तो तक्ता खोटा नाही, पण जुना आहे. त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालत. 1921 मध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांना टेट्राएथिल लेडचा उपयोग सापडला, तेव्हापासूनची ती प्रथा. तो तपकिरी रंग बराचसा त्या शिशाच्या क्षारांचा असे. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून सगळीकडे शिसेविरहित पेट्रोल आले, आणि तो रंग गेला. आता चांगला प्लगही फिकट दिसतो. तक्ते मात्र भिंतीवर तसेच राहिले.

मग इंजिन वीस मिनिटे उभे चालवले आणि प्लग पुन्हा काढले. तिन्ही काळे. क्रमांक 3 तुकतुकीत! म्हणजे मंद गतीचे मिश्रण रिच असावे. अंदाजावर न थांबता गाडी पिकअपमध्ये चढवून ओळखीच्या पीयूसी केंद्रावर नेली. धुरात कार्बन मोनॉक्साइड साडेसहा टक्के निघाला. पूर्ण ज्वलनाला ऑक्सिजन पुरला नाही की कार्बन अर्धवट जळून हा वायू होतो, त्यामुळे त्याची टक्केवारी हे मिश्रणाचे चांगले माप आहे. साडेसहा टक्के म्हणजे एका भाग पेट्रोलला जेमतेम बारा भाग हवा. मग मिस्त्रींनाच आठवले की उघडा फिल्टर लावल्यावर इंजिन मंद गतीला डळमळत होते, म्हणून त्यांनी मिश्रणाचा स्क्रू दीड आटे उघडला होता. सहाव्या बदलाची नोंद कुणीच ठेवली नव्हती. स्क्रू हळूहळू बसवत आकडा दोन टक्क्यांवर आणला.

प्लग पेट्रोल आणि नायलॉनच्या ब्रशने साफ केले. तारेचा ब्रश वापरू नये असे मी आग्रहाने सांगितले. ॲल्युमिना पोलादापेक्षा कठीण आहे, त्यामुळे घासताना तारच झिजते आणि पांढऱ्या नाकावर धातूच्या बारीक रेघा उठतात. काजळी काढून तिच्या जागी धातूची वाट घालण्यात काय अर्थ? साफ केल्यावर मेगर लावून खात्री केली आणि पुन्हा वीस मिनिटे. क्रमांक 1 आणि 2 वर आता पातळ राखाडी थर होता. क्रमांक 3 मात्र पहिल्यासारखाच काळा आणि ओलसर.

भज्यांचा कागद

ओलसर काळेपणा पेट्रोलचा की तेलाचा? प्लग वर्तमानपत्रावर टेकवला आणि पाच मिनिटे थांबलो. पेट्रोलचा डाग वास सोडून उडून जातो. इथे भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग राहिला. तेलच होते.

"मी काय म्हणत होतो?" मिस्त्री म्हणाले. आणि त्यांचे निम्मे बरोबरही होते. तेल होते, पण ते कुठून आले हे ठरायचे होते. प्रथम 1 आणि 3 या प्लगांची अदलाबदल केली. तेल तिसऱ्या घरातच आले, म्हणजे दोष प्लगचा नव्हता. मग कॉम्प्रेशन गेज लावला. तिन्ही घरे साडेअकरा ते बारा किलोच्या दरम्यान. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजले. रिंगा झिजल्या असतील तर हे तेल फटी बुजवते आणि आकडा चांगलाच वर जातो. इथे काटा जेमतेम हलला. तेव्हा रिंगांवरचा आरोप टिकत नव्हता.

तेलाला सिलिंडरमध्ये उतरायची दुसरी वाट वरून असते. व्हॉल्व्हची दांडी ज्या गाइडमध्ये सरकते तिच्या तोंडाशी रबराचे छोटे ऑइल सील असते. ते कडक झाले की दांडीवरून तेल खाली झिरपते. यात गंमत अशी की ते सगळ्यात जास्त झिरपते इंजिन मंद चालत असताना. नाक अर्धवट दाबून श्वास ओढून पाहा. हवा मिळेल त्या फटीतून येऊ पाहते. मंद गतीला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, पिस्टन मात्र ओढतच असतो, आणि आतला दाब वातावरणाच्या निम्म्याहूनही खाली जातो. मग इनटेक व्हॉल्व्हच्या गाइडमधून तेल ओढले जाते. भाच्याला विचारले, "वीस मिनिटं उभी राहून गाडी निघते तेव्हा मागे धूर कसा असतो?" तो म्हणाला, "पहिल्या झटक्याला निळा, मग काही नाही." रिंगांचा धूर असा झटक्यापुरता नसतो, तो जोर देत असताना येतच राहतो.

हेड न उतरवता सील बदलायची मिस्त्रींची युक्ती मला फार आवडली. सील काढायला व्हॉल्व्हची स्प्रिंग सोडवावी लागते, आणि ती सोडवली की व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये पडायचा धोका असतो. त्यांनी प्लगच्या भोकातून स्वच्छ सुती दोरी आत सोडली, एक टोक बाहेर ठेवले आणि हाताने इंजिन फिरवून पिस्टन वर आणला. दोरीच्या गुंडाळीने व्हॉल्व्ह खालून दाबून धरले. जुने सील निघाले ते रबर म्हणायच्या लायकीचे नव्हते. नखाने दाबताच त्याचा तुकडा पडला. संध्याकाळपर्यंत सहाही सील बदलून झाले. सीलचा संच काही शे रुपयांचा. मजुरी मिस्त्रींनी घेतली नाही, कारण बोअर करण्याचा सल्ला त्यांचा होता असे ते म्हणाले. भाच्याने ती त्यांच्या खिशात कोंबली.

एक प्रश्न उरला होता. सील काही त्या शनिवारी कडक झाले नव्हते. मग वडील चालवत असताना प्लग कधी काळे कसे झाले नाहीत? आईने सांगितले की ते महिन्यातून दोनदा तरी पुण्याला जात. हमरस्त्यावरच्या चार-पाच तासांत मूळ, गरम प्रकारच्या प्लगचे नाक 500 अंशांच्या बरेच वर राहत असणार, आणि तिसऱ्या घरातले थोडेफार तेल वेळच्या वेळी जळून जात असणार. सील तेव्हाच गळू लागले असावे, फक्त त्याची खूण उरत नव्हती. भाच्याच्या थंड प्लगने ते बिघडवले नाही, त्यावरचे पांघरूण काढले. उलट पहिल्याच दिवशी मी 'जुने गरम प्लग घाल' एवढेच सांगून मोकळी झाले असते तर मिसिंग बहुधा थांबले असते, आणि सील गळतच राहिले असते.

पुढच्या रविवारी रांगेत बावीस मिनिटे उभी राहून गाडी न फडफडता निघाली. घरी आल्यावर प्लग क्रमवार काढले. तिसरा आता इतरांसारखाच राखाडी, मेगरवर 40 मेगओहमच्या वर. थंड प्लग ठेवायचे की एक पायरी गरम घ्यायचे, यावर आमचे अजून एकमत नाही. मी म्हणते रांग मोठी आहे, गरम घे. तो म्हणतो उन्हाळ्यातल्या शर्यतींत फेऱ्या लांब असतात. त्याने आता एक वही केली आहे, आणि तीत तारीख, प्लगचा क्रमांक, स्क्रूचे आटे आणि मेगरचा आकडा असे रकाने आहेत. उन्हाळ्यातले आकडे आले की कळवतो म्हणाला आहे.